अ‍ॅनालॉग सिंथवर वारा, पाऊस आणि तडकणारी भिंत: मदत हवी आहे

खर्जातला

मंडळी, पुण्यात एका छोट्या नाट्यसंस्थेसाठी मी साउंड बघतो. नोकरी वेगळी आहे, हे संध्याकाळचं. सध्याच्या नाटकात धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावातलं एक घर आहे, पहिल्या अंकात रात्रभर वारा, दुसऱ्यात पत्र्यावर पाऊस आणि शेवटी मागची भिंत तडकते. पहिल्या तीन प्रयोगांना मी नेटवरून घेतलेल्या वाऱ्याच्या फाइल लावल्या. रेकॉर्डिंग चांगलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आजीचं काम करणाऱ्या ताई त्यांच्या मोठ्या वाक्याआधी दर प्रयोगात वेगळा पॉज घेतात, कधी दोन सेकंद तर कधी सात, आणि फाइलमधला झोत मात्र त्याच्या ठरलेल्या सेकंदालाच येणार. तिसऱ्या प्रयोगात तो नेमका त्यांच्या वाक्यावर आला आणि वाक्य गेलं. ताई काही बोलल्या नाहीत पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला कॉर्ग एमएस-२० मिनी हा अ‍ॅनालॉग सिंथ (विजेच्या सर्किटमधून आवाज घडवणारं वाद्य) आहे, म्हणजे १९७८ च्या एमएस-२० ची २०१३ मध्ये आलेली छोटी आवृत्ती. चौथ्या प्रयोगाला तोच विंगेत टेबलावर मांडला. पहिला ऑसिलेटर (मूळ आवाज काढणारा भाग) व्हाइट नॉइजवर, म्हणजे सलग सूंऽ अशा खरखरीवर, दुसरा बंद, वरचे स्वर कापणाऱ्या लो-पास फिल्टरचा पीक (कापण्याच्या जागेवरचा जोर) सातच्या आसपास, कीबोर्डची एक पट्टी जाड कागदाची घडी खुपसून दाबून ठेवलेली आणि माझा उजवा हात कटऑफच्या, म्हणजे कुठून कापायचं ते ठरवणाऱ्या नॉबवर. ताई थांबल्या की मी हळूहळू नॉब उघडायचा, त्यांनी श्वास घेतला की बंद करायचा. पहिल्यांदाच त्या घरात खरंच वारा आहे असं मला वाटलं.

आता अडचणी. एक, हात दुखतो म्हणून मॉड्युलेशन जनरेटरचा (हाताऐवजी आपोआप वर-खाली करणारा भाग) त्रिकोणी वेव्ह कटऑफला लावला तर वारा जाऊन समुद्र होतो. दोन, पत्र्यावरचा पाऊस काही केल्या जमत नाहीये, कुकरची वाफ सोडल्यासारखं होतं. तीन, भिंतीसाठी मला गडगडाट नकोय, काहीतरी फाटतंय, आतून तुटतंय असा गोंगाट हवाय. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, मी सगळं करून बघेन.

पागोळी

फार छान विषय! वारा-समुद्राचं आधी सांगते कारण त्यात मीही अडकले होते. त्रिकोणी वेव्ह ठरलेल्या वेळाने वर जातो आणि खाली येतो, लाटाही साधारण तशाच ठरावीक अंतराने येतात, म्हणून कानाला लगेच किनारा दिसतो. वाऱ्याला असा ठेका नसतो. आमच्या दापोलीच्या घरी माळ्यावर झोपून मी हे पुष्कळ ऐकलंय, वारा येतो, येतो, मध्येच अर्ध्यावर विचार बदलतो, परत दोनदा येतो. आणि दुसरी गोष्ट, जोर वाढला की शिळेची पट्टीही वर चढते. फटीतून जाणाऱ्या हवेचा वेग वाढला की तिचा स्वर चढतो, आवाज मोठा होणं आणि स्वर चढणं एकाच वेळी. तुम्ही लो-पासचा कटऑफ हाताने उघडता तेव्हा दोन्ही आपोआप एकत्र होतात, म्हणूनच तुमचा हाताचा वारा खरा वाटला.

एमएस-२० मध्ये हाय-पासलाही (खालचे स्वर कापणारा फिल्टर) स्वतःचा पीक आहे ना, तो वापरा. दोन्ही पीक चढवून दोन्ही कटऑफ एकमेकांजवळ आणले की नॉइजची एक बारीक चिंधी उरते आणि ती खिडकीच्या फटीसारखी घूंऽ करून रडते. डावा हात हाय-पासवर, उजवा लो-पासवर. अंतर वाढवलं की मोकळं माळरान, कमी केलं की बंद खोली. हात दुखत असेल तर कोपर टेबलावर टेकवा पण वारा मशीनला देऊ नका प्लीज.

पावसाचं उद्या लिहिते, आत्ता लोकलमध्ये आहे.

स्टुडिओवाला

विचारतोय ते मनापासून, गैरसमज नको. हे सगळं लॅपटॉपवर होतं की, सॉफ्टवेअर एमएस-२० मिळतो, त्याला एक मिडी नॉब (लॅपटॉपला जोडायचा नॉब) लावा, तोच हात तोच कटऑफ, वर पॅच, म्हणजे नॉबांची सगळी मांडणी, सेव्ह होतो. प्रयोगाच्या आधी अर्धा तास सेटिंग शोधत बसायला नको. मी जाहिरातींना साउंड करतो आणि डिजिटलवर कुणी आजवर बोट ठेवलेलं नाही.

खर्जातला

स्टुडिओवाला, बरोबर आहे, तुमच्या कामाला तेच योग्य. माझं एवढंच की लॅपटॉपवर मी स्क्रीनकडे बघत राहतो आणि इथे बघायला काहीच नसल्यामुळे मी स्टेजकडे बघतो. पॅच सेव्ह होत नाही हे खरं आहे, मी नॉबच्या जागा फोनवर फोटो काढून ठेवतो आणि तरी दर वेळी थोडा फरक पडतोच, मशीन गरम व्हायला वीस मिनिटं देतो. तो फरक मला आवडतो. तुमच्याकडे मिडी नॉबने जमत असेल तर तुम्हीही नाटकाला करून बघा, खरंच.

मिरजकर_काका

मला सिंथ वाजवता येत नाही, पण ज्याला तुम्ही नॉइज म्हणता त्यावर थोडं लिहावंसं वाटलं. आमच्या मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानात लहानपणापासून बसलोय. घोडीवर तार ज्या जागी टेकते तिथला उतार कारागीर कानशीने अगदी केसाएवढा घासतो, वाजवून बघतो, पुन्हा घासतो. याला जवारी काढणं म्हणतात. मग तारेखाली सुताचा जीवा सरकवायचा. तार घोडीला हलकेच चाटत राहते आणि तो झंकार, ती भणभण सुरू होते. जवारी नसलेला तंबोरा ऐका, स्वर स्वच्छ असतो आणि गायकाला त्यात उभं राहायला जागा नसते. म्हणजे ती भणभण आम्ही जाणूनबुजून घातलेली आहे.

नातवाकडे एक छोटा सिंथ आहे. त्याने परवा एक करवती आवाज धरून फिल्टरचा नॉब हळूहळू फिरवला तेव्हा मी ताडकन उठून बसलो, कारण एकामागून एक उपस्वर उजळत गेले, हुबेहूब जीवा सरकवताना होतं तसं. तेव्हा खरखरीला कमी लेखणाऱ्यांनी एकदा तंबोऱ्याला कान लावून बसावं अशी विनंती.

पागोळी

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

आता पाऊस. खर्जातला, तुमची कुकरची वाफ होते कारण सलग व्हाइट नॉइज म्हणजे लांबचा पाऊस, समोरच्या डोंगरावरचा. पत्र्यावरचा पाऊस सुट्या थेंबांचा असतो, प्रत्येक थेंब पत्र्याला एक छोटी टिचकी मारतो आणि पत्रा वाजतो. सिंथमध्ये पत्रा म्हणजे फिल्टर. पीक इतका चढवा की फिल्टर स्वतःहून शीळ घालायच्या जरासा अलीकडे थांबेल, आणि मग त्यात अगदी छोटा टकटक सिग्नल पाठवा, फिल्टर टण्ण करून वाजतो आणि विझतो. कटऑफ खाली असेल तर टपोरा थेंब, वर असेल तर तडतड.

प्रश्न एवढाच की टिचक्या आणायच्या कुठून, कारण त्या बेहिशेबी हव्यात. एमएस-२० च्या उजवीकडे पॅचबेच्या (वायरी खुपसायच्या भोकांचा भाग) खाली एक्स्टर्नल सिग्नल प्रोसेसर आहे, गिटार किंवा माइक लावण्यासाठी दिलेला. त्यात पायझो लावा, खेळण्यातल्या बझरमध्ये असते ती पितळी चकती. चकती एखाद्या पत्र्याच्या डब्याला आतून चिकटवा आणि डब्यावर धान्याचे दाणे सोडा. पायझो सिग्नल इनला, अ‍ॅम्प आउटमधून वायर एक्स्टर्नल सिग्नल इनला, म्हणजे तो सरळ दोन्ही फिल्टरमधून जाईल. मुठीतून दाणे हळू सोडले की सर सुरू होते, मूठ उघडली की झड. ऑसिलेटर दोन्ही शून्यावर ठेवायला विसरू नका. एखादं लूप यापुढे टिकत नाही.

नवखा_निनाद

मी बारावीला आहे, कोल्हापूर. हे सगळं वाचून अक्षरशः अंगावर काटा आला पण एमएस-२० घेणं शक्यच नाही. दोनतीनशे रुपयांत काही करता येईल का? सोल्डरिंग येतं.

जुना_सोल्डर

निनाद, सोल्डरिंग येतं म्हणजे अर्ध्याहून जास्त काम झालं. सीडी ४०१०६ नावाची चिप घे, चहा-वड्याच्या पैशात मिळते. कोल्हापुरात नाही मिळाली तर पुण्याला तपकीर गल्ली किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोड, कुणी येणाजाणारं असेल त्याला सांग. एका चिपमध्ये सहा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर आहेत आणि प्रत्येकाचा ऑसिलेटर करायला फक्त एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लागतो. रेझिस्टर इनपुट आणि आउटपुटच्या मध्ये, कपॅसिटर इनपुटपासून ग्राउंडला. झालं. ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० किलोओहम लावलेस तर साधारण १०० हर्ट्झच्या आसपासचा भोंगा मिळेल, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड केलास तर तोच सेकंदाला एखादा टक्का देईल. रेझिस्टरच्या जागी पॉट (नॉबने बदलणारा रेझिस्टर) लाव किंवा एलडीआर (उजेडाने बदलणारा) लावून वर हात हलव, सावलीने स्वर खाली येतो. सहाही ऑसिलेटर प्रत्येकी १० किलोच्या रेझिस्टरमधून एकत्र कर, जवळजवळ सारख्या पट्टीवर लाव आणि ते एकमेकांना कसे घासतात ते ऐक. न वापरलेले इनपुट ग्राउंडला बांध, तरंगत ठेवू नकोस. आणि आउटपुट जवळपास अख्ख्या ९ व्होल्टचं असतं, ते सरळ फोनमध्ये किंवा मिक्सरमध्ये घालायचं नाही, मध्ये १०० किलो आणि १० किलोचा डिव्हायडर टाक.

आता खरा नॉइज. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर घे, कलेक्टरचा पाय कापून टाक, बेस ग्राउंडला आणि एमिटर १०० किलोमधून पॉझिटिव्हला, म्हणजे मुद्दाम उलटा. आठ-नऊ व्होल्टच्या आसपास ते जंक्शन ब्रेकडाउनला जातं आणि तिथून अस्सल व्हाइट नॉइज येतो. ०.१ चा कपॅसिटर लावून उचल आणि चांगला शंभरपट अ‍ॅम्प्लिफाय कर. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा संध्याकाळी मस्त सूं सूं येत होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं शांत. दोन दिवस वायरी तपासल्या. ९ व्होल्टची बॅटरी रात्रीतून ८.४ वर आली होती, बस एवढंच, ब्रेकडाउन होतच नव्हता. तेव्हापासून नॉइजला दोन बॅटऱ्या जोडून १८ व्होल्ट देतो, चिपला मात्र नऊच. आणि दहा ट्रान्झिस्टर घेऊन प्रत्येक लावून ऐक, एकाच पाकिटातल्या दहांत दोनतीनच जोरात खरखरतात. त्यांना नेलपॉलिशचा ठिपका लावून वेगळे ठेव.

एक भर घालतो, पीटी २३९९ ही इको चिप. भजनी मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरला इको असतो ना, तशा स्वस्त किटमध्ये बहुतेक वेळा हीच सापडते. सहा नंबरच्या पायाचा रेझिस्टन्स वाढवला की इको लांबतो, आणि जितका लांबतो तितका घाण होत जातो. फीडबॅक पूर्ण चढवून तो पॉट फिरवलास तर अख्खी खोली वितळल्यासारखी वाटते. आतून ही चिप डिजिटल आहे, पण शुद्ध अ‍ॅनालॉगच्या सोवळ्यात अडकू नकोस. कानाला पटलं की घ्यायचं.

नवखा_निनाद

काका खूप खूप धन्यवाद!! वाचनखूण साठवली. रविवारी मामा पुण्याहून येतोय त्याला यादी पाठवली.

साबरमतीकाठी

धाग्यावर एक आठवण नोंदवून ठेवावीशी वाटते, कारण आपल्या लोकांना हे बाहेरचं खूळ वाटतं. मी बरीच वर्षं अहमदाबादला आहे. इथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली मोग मॉड्युलर सिंथेसायझर आणला गेला, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर स्वतः येऊन तो बसवून गेले. रॉबर्ट मोग यांनी त्यांचा पहिला सिंथेसायझर १९६४ मध्ये केला होता, म्हणजे जेमतेम पाच वर्षांत तो साबरमतीच्या काठी पोचला. १९७२ पर्यंत तिथे गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी टेपवर काम केलं. गीताबेन पखवाज वाजवायच्या, १९४६ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवणाऱ्या त्याच.

नंतर तो स्टुडिओ बंद पडला आणि टेप कपाटात राहिल्या. लंडनचे कलाकार पॉल पर्गस यांनी त्या संस्थेच्या संग्रहातून शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांतलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. ऐका जरूर. मला त्यात सगळ्यात जास्त काय भिडतं तर ती शोधत असलेली माणसं ऐकू येतात. एक नॉब फिरवलाय, काय झालं ते ऐकलंय, परत फिरवलाय. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी इथे कुणीतरी नेमकं हेच करत बसलं होतं जे खर्जातला विंगेत बसून करतायत.

स्टुडिओवाला

हे मला अजिबात माहीत नव्हतं. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांवर केलेली रेकॉर्ड माहीत होती, रोलँडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर केलेली, पण त्याच्याही तेरा वर्षं आधी अहमदाबादला मोग होता हे वाचून थक्क झालो. आज रात्री ऐकतो.

जुना_सोल्डर

खर्जातला, तुमच्या भिंतीचं राहिलंच. मी असतो तर फीडबॅक केला असता. एमएस-२० च्या हेडफोन आउटमधून वायर काढून एक्स्टर्नल सिग्नल इनला द्या, म्हणजे यंत्र स्वतःचाच आवाज गिळायला लागतं. थोडं दिलं तर आवाज नुसता जाड होतो, जास्त दिलं की चिरतो. आणि पिंक नॉइजची (व्हाइटपेक्षा जाडसर खरखर) वायर टोटल इनपुटला लावून ऑसिलेटरवरचा एमजी/टी.एक्स्ट नॉब हळूहळू चढवा, सरळ स्वर असतो तो चरचरत जातो आणि शेवटी स्वर म्हणून काही उरतच नाही. तुम्हाला फाटणं हवंय ते यात आहे.

पण कळकळीची सूचना. मिक्सरचं आउटपुट परत त्याच्याच इनपुटला देऊन, काहीही न लावता वाजवायची पद्धत आहे, जपानचे तोशिमारू नाकामुरा यांनी त्यावर आयुष्य घातलंय. मी घरी करून बघत होतो. आवाज एकदम थांबला म्हणून मी फेडर अजून वर केला. मीटर पूर्ण लाल आणि खोलीत शांतता. दहा सेकंदांत जळका वास आला. फीडबॅक कानाला ऐकू येण्याच्या वर गेला होता आणि ट्वीटर (स्पीकरमधला बारीक स्वरांचा भाग) सगळं सोसत होता. तो गेला. तेव्हा कानावर एकट्यावर विसंबू नका, मीटर बघा, पुढे लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारं यंत्र) टाका, वायर बदलताना मास्टर खाली. आणि हेडफोन घालून फीडबॅक कधीही, कधीही करू नका. स्पीकर नवा मिळतो.

अजून एक, नाट्यगृहात लाइटच्या डिमरमुळे भणभण शिरते. सिंथ आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (जोडणीचा डबा) लावा आणि सिंथची वायर डिमरच्या वायरींपासून लांबून न्या.

खर्जातला

काल प्रयोग झाला. सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

पाऊस आधी. पागोळीताईंनी सांगितलं तसंच केलं, विंगेत पायाशी डबा, आतून पायझो, मूठभर दाणे. पहिला दाणा पडला आणि स्पीकरमधून जो टण्ण आला त्याने लाइटवाल्याने वर छताकडे बघितलं. सुरुवातीला एकेक दाणा, आजी म्हणते "आलाच का", मग मी मूठ सैल केली. मागे फोनवरून अगदी हळू लांबचा पाऊस सोडला होता, तो रेकॉर्डेडच, स्टुडिओवाल्यांना हे ऐकून बरं वाटेल, दोन्ही एकत्र छान बसलं.

वारा दोन हातांनी केला. ताईंचा पॉज काल नऊ सेकंदांचा झाला, आजवरचा सगळ्यात मोठा. दोन्ही नॉब जवळ आणत आणत मी फक्त शीळ उरू दिली आणि मग तीही तोडली. वाक्य पूर्ण शांततेत पडलं. नंतर मेकअप रूममध्ये ताई म्हणाल्या, "आज तू माझ्यासाठी थांबलास." मला पुढे काही बोलता आलं नाही.

भिंतीला पिंक नॉइज टोटलला, ऑसिलेटर खालच्या सप्तकात, हेडफोनचा फीडबॅक अगदी चिमूटभर. आधी गुरगुर, मग एमजी/टी.एक्स्ट दोनवरून सातवर न्यायला मी चाळीस सेकंद घेतले, आणि शेवटी एकदम बंद. मोठा धडाका केलाच नाही. लिमिटर होता, मीटरवर डोळा होता, कुणाचे कान गेले नाहीत. डीआय बॉक्सने भणभण जवळपास गेली.

काका, तुमच्या जवारीमुळे पीक लावायची माझी पद्धतच बदलली, आता नॉब केसाकेसाने सरकवतो.

पागोळी

वाचून डोळे भरून आले. डबा कुठला आणि दाणे कसले वापरलेत ते लिहा ना, मला पुढच्या महिन्यात एकांकिकेला हवंय.

नवखा_निनाद

माझे सहापैकी चार भोंगे चालू झाले!! आई म्हणतेय बंद कर. उरलेले दोन का चालत नाहीत ते बघतोय, फोटो टाकू का?

जुना_सोल्डर

टाक. आणि त्या दोघांचे कपॅसिटर ग्राउंडलाच गेलेत ना ते आधी बघ.

खर्जातला

पागोळी, डबा बिस्किटांचा चौकोनी, झाकण काढून उपडा ठेवायचा. गोल डबा घेऊ नका, एकच स्वर धरून बसतो. तांदूळ हलके पडतात, फिल्टरला पुरेशी टिचकी बसत नाही, साबुदाणा उड्या मारून लांब पळतो. ज्वारी सगळ्यात छान. खाली जुनी चादर अंथरा, नाहीतर पुढच्या प्रवेशात नटांच्या पायाखाली दाणे येतात.